फट दिसली पाहिजे

सूर्य खेळाडूच्या मागे आला की सिलूएट आपोआप होतं, असं ज्यांनी ते कधी काढलेलं नसतं ते सांगतात. सूर्य मागे आला की माणूस काळा होतो, एवढंच होतं. काळा झालेला माणूस म्हणजे फोटो नव्हे. वर्तमानपत्रांसाठी, मंडळांच्या स्मरणिकांसाठी आणि स्पर्धांच्या पोस्टरसाठी मैदानी खेळांचे फोटो काढणं हा माझा धंदा. त्यातला सिलूएटचा भाग कमाईच्या हिशेबाने लहान, पण सगळ्यात जास्त डोकं खातो तो हाच.

खेळाचा फोटोग्राफर एरवी चेहऱ्यावर जगतो. दात-ओठ खाणं, आरोळी, हरल्यावर डोक्याला लावलेले हात, घाम, पाठीवरचा नंबर. सिलूएटमध्ये हे सगळं जातं. उरते ती कड. आणि ती कड वाचता येते ती अंगाच्या मधल्या मोकळ्या जागांमुळे. कोपर कमरेला चिकटलं की हात संपला. दोन गुडघे एकावर एक आले की माणूस एकपायी झाला. म्हणून कॅमेऱ्यातून बघताना मी खेळाडूकडे बघतच नाही म्हटलं तरी चालेल. मी बघतो काखेतून, मांड्यांमधून, हनुवटी आणि खांदा यांच्यामधून येणारा उजेड. आमच्यात याला सरळ ‘फट’ म्हणतात. ‘फट दिसतेय का?’ हा एकच प्रश्न असतो.

या फटीने एकदा मोठा वाद मिटवला आहे. धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून उचललेले असतात का, हे माणसाच्या डोळ्याला ठरवता येत नव्हतं. 1878 साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे एडवर्ड मायब्रिजने धावपट्टीच्या कडेला ओळीने कॅमेरे मांडले आणि ते ठरवलं. त्या काळच्या ओल्या काचेच्या प्लेटला इतक्या कमी वेळात घोड्याचा तपशील टिपणं जमणारं नव्हतं, म्हणून त्याने समोर पांढराशुभ्र पडदा उभा केला. घोडा जवळजवळ काळाच आला. पण तेवढ्यावर काम भागलं, कारण प्रश्न घोड्याचा नव्हताच. प्रश्न होता खूर आणि जमीन यांच्यामध्ये उजेड दिसतो का, हा. दिसला. आणि तोही चित्रकार वर्षानुवर्षं रंगवत आले तसा पाय पुढे-मागे ताणलेले असताना दिसला नाही, तर चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना दिसला. खेळाचं सिलूएट काढणाऱ्या कोणीही ती चित्रमालिका एकदा नीट बघावी. डौलदार वाटणारा क्षण आणि खरा क्षण यांच्यात केवढं अंतर असू शकतं ते तिथे कळतं.

प्रत्येक खेळाची फट वेगळ्या ठिकाणी उघडते आणि ती कुठे उघडणार हे खेळ माहीत असल्याशिवाय कळत नाही. कुस्ती लागल्यावर सिलूएट काढू नये. दोन पैलवान मिळून एक ढिगारा होतो, त्यातला पट कोणी काढला आणि कोणाचा काढला हे वस्तादालाही सांगता येणार नाही. कुस्तीत जे मिळतं ते लागण्याआधी मिळतं: शड्डू ठोकताना उचललेला हात, खडाखडीत एकमेकांच्या मानेवर टाकलेले पंजे आणि दोन कपाळांच्या खाली तयार झालेला उजेडाचा त्रिकोण. तेही उघड्या माळावरच्या जत्रेच्या फडात. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात प्रेक्षक भोवतीने चढत्या पायऱ्यांवर बसतात, त्यामुळे पैलवानाच्या मागे आकाश येतच नाही, माणसं येतात. शाहू महाराजांनी ते मैदान बघणाऱ्यांसाठी बांधलं, आमच्यासाठी नाही, आणि ते योग्यच केलं.

कबड्डीत बचावाची साखळी घात करते. हातात हात गुंफलेले दोघे तिघे एकमेकांत मिसळून जातात. चढाईपटूचा मागे झेपावलेला पाय आणि मध्यरेषेकडे ताणलेला हात तेवढा उरतो. खो-खोमध्ये खांबाला धरून मारलेला सूर म्हणजे मेजवानी. अंग जमिनीला समांतर, एक हात खांबावर, दुसरा पुढे, आणि पोटाखालून आरपार आकाश. त्यासाठी कॅमेरा अक्षरशः मातीत टेकवावा लागतो. जरा वर उचलला की पोटाखाली आकाशाऐवजी मैदान येतं आणि सूर मारणारा मुलगा जमिनीवर पडल्यासारखा दिसतो. क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजाइतकं सोपं काही नाही. बुमराहचा सरळ ताठ येणारा हात आणि मलिंगाचा आडवा फिरणारा हात चेहऱ्याशिवायही कोणीही ओळखेल. फलंदाज मात्र अवघड. बॅट, पॅड आणि पाय एक होऊन जातात.

धूळ आणि पाणी यांची गोष्ट आणखी निराळी. मागून उजेड आला की अंग काळं होतं, पण धूळ उजळते, उडालेलं पाणी चमकतं, मोकळे केस कडेला सोनेरी होतात. थोडी धूळ असली तर फोटो जिवंत होतो. जास्त झाली की ती खेळाडू आणि कॅमेरा यांच्यामध्ये पडदा धरते आणि काळं राखाडी होऊन बसतं.

मल्लखांबापाशी मात्र थांबायला हवं, कारण सगळी विद्या तिथेच पणाला लागते. लाकडाचा खांब, त्याला चोपडलेलं एरंडेल, आणि त्याला पायांची अढी घालून लटकणारं अंग. खांबही काळा, अंगही काळं. मुलगी खांबाला जितकी घट्ट बिलगेल तितका तिचा कस चांगला, आणि तितकाच माझा फोटो वाईट. मांडी कुठे संपली आणि शिसवी लाकूड कुठून सुरू झालं कळत नाही. म्हणून मी खांबाच्या वरच्या भागावर नजर ठेवतो. अंग, त्याच्यावर बारीक होत गेलेली मान आणि सगळ्यात वर बोंड. मानेपाशी खांब अरुंद असतो, तिथे गुडघ्याच्या मागे बोटभर तरी फट मिळते. पताका घेतली की अंग खांबापासून बाहेर ताणलं जातं, तेव्हा तर हवी तेवढी. दादरच्या शिवाजी पार्कवर 2019 साली पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली. त्यानंतर परदेशी मुलामुलींना खांबावर चढलेलं बघायची दादरकरांना सवय झाली, आणि आम्हाला मल्लखांबाच्या फोटोंच्या मागण्या यायला लागल्या. बहुतेकांना हवं तेच एक चित्र: समुद्र, मावळता सूर्य, सूर्याच्या बरोबर मध्यभागी बोंडावरची मुलगी.

हे चित्र मागायला सोपं आहे. त्याचं गणित असं. आकाशात सूर्याची चकती साधारण अर्ध्या अंशाची दिसते. म्हणजे कुठलीही वस्तू तिच्या उंचीच्या एकशे सातपट अंतरावर उभी केली की ती सूर्याएवढी दिसते. दीड मीटरची मुलगी चकतीत मावायची असेल तर मला तिच्यापासून 160 मीटर मागे जायला हवं. एवढ्या अंतरावरून 400 मिलिमीटरच्या लेन्सने तिची प्रतिमा फुलफ्रेम सेन्सरवर पावणेचार मिलिमीटरची येते, 24 मिलिमीटरच्या उंचीत जेमतेम सहावा हिस्सा. शिवाय ती खांबाच्या टोकावर, माझा कॅमेरा वाळूवर, म्हणजे सूर्य क्षितिजाच्या साधारण एक अंश वर असतानाच तिच्या मागे येणार. आणि तो आपली स्वतःची उंची दोन-सव्वादोन मिनिटांत उतरतो. त्या दोन मिनिटांत तिने चढायचं, आसन लावायचं, धरायचं. मी जुहूच्या वाळूवर पालथा पडलेला, माझ्या आणि तिच्यामध्ये 160 मीटरची चौपाटी: फुगेवाला, कुत्री, सेल्फी काढणारं जोडपं, ‘काय शूटिंग आहे?’ म्हणून नेमके मध्येच उभे राहणारे काका. हे सगळं जुळलं तरी मुंबईच्या हिवाळ्यात पाण्याला टेकायच्या कितीतरी आधी सूर्य धुरकटात विरून जातो. एक अंशावर तो असतोच असं नाही. असला तर लालसर डाग असतो.

जुहूच्या त्या संध्याकाळी मल्लखांब शिकवणारे सर तालमीतल्या मुलींना घेऊन आले होते. लोखंडी बैठकीवर उभा राहणारा खांब, भोवती गाद्या. गाद्यांमुळे खाली काळा ठोकळा येत होता. मी म्हटलं, ‘सर, पुढची एक गादी बाजूला घेतली तर?’ सरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ‘गादी राहील. तुम्ही काय ते तुमचं बघा.’ मग मी आणखी खाली सरकलो, पुढच्या वाळूच्या उंचवट्याआड गाद्या गेल्या आणि खालचा सगळा काळा पट्टा जमिनीचाच वाटायला लागला. सूर्य चकतीसारखा राहिला नव्हता, पण त्याच्याभोवतीचं केशरी आकाश होतं. ते मला जास्त आवडतं. सूर्यावर बसवलेली मुलगी चमत्कार वाटते. मोठ्या रिकाम्या आकाशात लहानशी मुलगी खांबावर तोल धरून असली की खांबाची उंची जाणवते.

उजेडाचं माप आकाशावरून घ्यायचं, खेळाडूवरून नव्हे, हे पुस्तकात असतं. पुस्तकात नसतं ते असं की समोरून प्रखर उजेड आला की ऑटोफोकस वेड्यासारखा पुढे-मागे करतो, म्हणून मी आधीच खांबाच्या कडेवर फोकस लावून तो हाताने बंद करतो. लेन्सच्या पुढे लावलेली संरक्षक काच काढून ठेवतो, नाहीतर सूर्याचं हिरवट भूत चित्रात दुसरीकडेच उमटतं. आणि आरशाच्या जुन्या कॅमेऱ्याला लांब लेन्स लावून थेट सूर्याकडे बघायचं नाही, डोळा जातो. नवीन मुलांना हे मी तंत्र शिकवण्याच्या आधी सांगतो.

रात्री घरी बसून निवड करतो तेव्हा पहिल्यांदा फोटो बोटाच्या नखाएवढा लहान करून बघतो. त्या आकारात जर कळलं की हा माणूस आहे, खांबावर आहे, आणि काहीतरी करतोय, तर पुढे जायचं. निम्म्याहून जास्त तिथेच गळतात. मग संपादन, जे लोकांना वाटतं त्यापेक्षा फार कमी असतं. अंधाराची पट्टी खाली ओढली की अंगावरच्या पोशाखाचा रंग, कमरपट्टा, चेहऱ्याची उरलीसुरली रेघ बुडत जाते. किती बुडवायचं हा खरा निर्णय. मी पार शून्यावर नेत नाही. अगदी सपाट काळं केलं की आकृती आकाशावर चिकटवल्यासारखी दिसते. बोटांच्या टोकाशी, कानाच्या पाळीला आलेली लालसर कड ठेवतो, कारण तिथे रक्त आहे, कातडी आहे. त्याउलट कडा ‘उठावदार’ करणाऱ्या पट्ट्यांना हातही लावत नाही. त्या ओढल्या की अंगाभोवती पांढरं कडं येतं आणि खेळाडू कॅलेंडरवरच्या देवासारखा प्रभावळीत उभा राहतो. कडेला जांभळी रेघ आली असेल तर ती काढतो. आकाशाचे पट्टे पडू नयेत म्हणून फाइल शेवटपर्यंत सोळा बिटची ठेवतो. केशरीपासून निळ्यापर्यंतचा तो हळुवार उतार आठ बिटमध्ये ओढाताण केली की जिन्याच्या पायऱ्यांसारखा तुटतो.

वर्तमानपत्रात छापायचं असेल तर आणखी एक अडचण. त्या कागदावर शाई पसरते. दोन गुडघ्यांमधली केसभर फट पडद्यावर स्पष्ट दिसते आणि सकाळी अंकात बुजलेली असते. मोठा काळा भाग पानाच्या मागे उमटतो, मागच्या बाजूला कोणाच्या तरी श्रद्धांजलीवर खांबाची सावली पडते. म्हणून छपाईच्या फोटोत मी आधीच आकाश जास्त आणि काळं कमी ठेवतो, आणि फटी रुंद असलेलाच क्षण निवडतो.

त्या जुहूच्या फोटोंमधला एक मला फार आवडला होता. पताका, अंग सरळ रेषेत, मागे केशरी, दूर क्षितिजावर एक होडी. सरांना पाठवला. त्यांचा फोन आला तो फोटोबद्दल नव्हता, डाव्या पायाबद्दल होता. ‘पंजा बघा. ताणलेलाच नाही. गुण जातील तिचे.’ मी परत उघडून बघितलं. खरंच, डावा पंजा किंचित वर वळलेला. रंगीत फोटोत हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं; चेहरा, पोशाख, समुद्र यांत नजर फिरली असती. सिलूएटमध्ये ते लपायला जागाच नाही. फोटो ज्याच्याकडे पानाच्या मांडणीसाठी जाणार होता त्या मित्राने लगेच उपाय सांगितला: ‘अरे, दोन मिनिटांचं काम. लिक्विफायने ओढतो पुढे.’ आणि त्याने तेवढ्यात करूनही दाखवला. सुंदर दिसत होता.

मी नाही म्हटलं. त्यामागे नीतीचा मोठा विचार होता असं नाही. आकाशातली तार पुसायला, कडेचा दिव्याचा खांब कापायला मी मागेपुढे बघत नाही. पण सिलूएटमध्ये फक्त अंगाची कडच आहे; तीच बदलली तर उरलं काय? ती मुलगी तो पंजा ताणायला रोज सकाळी झिजते. तो मी माउसने ताणून द्यावा हे मला तिच्या मेहनतीची चेष्टा केल्यासारखं वाटलं. मित्राला ते पटलं नाही. ‘वाचकाला काय कळणार?’ हे त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

पण वाचकाला काहीच कळत नाही, याबद्दल मला शंका आहे. प्राचीन अथेन्सच्या खेळांत जिंकणाऱ्याला ऑलिव्हच्या तेलाने भरलेले मोठे रांजण बक्षीस देत. तेलाचं आणि खेळाडूचं नातं जुनं, तिकडे ऑलिव्ह, इकडे एरंडेल. त्या रांजणांवर एका बाजूला तो खेळ रंगवलेला असे, लालसर मातीवर काळ्या आकृत्यांत. अडीच हजार वर्षं झाली. त्यातल्या धावपटूंचे चेहरे एकसारखे, ठरावीक आहेत. पण कमी अंतराचे धावपटू हात लांब फेकत धावताना दिसतात आणि लांब पल्ल्याचे कोपरं अंगाशी धरून. काळ्या आकृतीवरून कुठली शर्यत हे आजही सांगता येतं, कारण रंगवणाऱ्याने धावणारी माणसं बघितली होती आणि विकत घेणाऱ्यांनीही. पुढे तिकडे आकृती लाल आणि भोवती काळं, अशी उलटी रीत आली. ती जास्त तपशिलाची, जास्त गोंडस. पण बक्षिसाच्या रांजणांवर शतकानुशतकं काळीच आकृती राहिली.

उलट उदाहरण सगळ्या जगाच्या बुटांवर आहे. हात वर, पाय ताडकन फाकलेले, हातात चेंडू: मायकल जॉर्डनची ती आकृती. तिचं मूळ सामन्यात नाही. को रेन्टमीस्टर या छायाचित्रकाराने 1984 साली ‘लाइफ’ मासिकासाठी जॉर्डनला उघड्यावर, गवताच्या उंचवट्यावर बास्केट रोवून, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उडायला लावलं. ती उडी बास्केटबॉलची नव्हे, बॅलेतली. सामन्यात असं कोणी पाय फाकून उडत नाही. तशी गरजच नसते. पण फट बघा! दोन पायांमधून, काखेतून, चेंडूखालून उजेडच उजेड. नायकेने पुढच्या वर्षी तशाच उडीचा स्वतःचा फोटो काढला आणि त्यावरून चिन्ह बनवलं. रेन्टमीस्टर 2015 साली कोर्टात गेला आणि हरला. 2019 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचं प्रकरण ऐकायला नकार दिला. उडीची ढब एकट्या कोणाच्या मालकीची नसते, असं कोर्टांचं थोडक्यात म्हणणं. कायदा म्हणून ठीक असेल. मला त्या माणसाबद्दल वाईट वाटतं, आणि तरीही ते चित्र मला खेळाचं वाटत नाही, पोस्टरचं वाटतं. दोन्ही एकदम.

हा प्रश्न आमच्या पातळीवर येतो तो असा. एका मंडळाला टोपीवर आणि प्रमाणपत्रावर टाकायला चिन्ह हवं होतं. त्यांनी माझ्याकडून जुहूचा पताकेचा फोटो मागितला, कडेने कापून फक्त आकृती वापरायची म्हणाले. चेहरा नाही, नाव नाही, मग विचारायचं कोणाला? मी म्हटलं, मुलीला विचारा आणि तिच्या आईवडिलांनाही. कार्यकर्ते हसले. ‘कोण ओळखणार आहे?’ तालमीतल्या सगळ्या मुली ओळखणार, सर ओळखणार, तिची आई तर जिन्यातून ओळखेल. शेवटी विचारलं. आईवडिलांची हरकत नव्हती. मुलीची होती.

‘तो नको दादा,’ ती म्हणाली. ‘त्यात पंजा वाकडा आहे.’ मग तिने माझ्या लॅपटॉपवर एकेक फोटो पुढे ढकलत दुसराच काढून दिला. त्यात ती खांबाला जवळजवळ लपेटलेली होती, कुठेही फट नाही, आकाश फिकट. मी समजावायला लागलो की हा लहान केला की नुसता गोळा दिसेल. ती म्हणाली, ‘पण हा अवघड आहे. आमच्यात हा अजून कोणालाच येत नाही.’ मंडळाने तोच घेतला. टोपीवर भरतकाम करणाऱ्याने दोनदा फोन करून विचारलं की हे नक्की काय आहे, म्हणजे धागा कुठून कुठे फिरवायचा ते कळेल.